वॉर्डरूममधली रिकामी खुर्ची

बाबा,

मागच्या महिन्यात त्या जहाजावर पुन्हा जाऊन आले. तेच ते, किनाऱ्याला कायमचं बांधून ठेवलेलं करड्या रंगाचं जुनं लढाऊ जहाज. त्यावर चढायच्या फळीवर पाय ठेवल्यावर तुम्ही क्षणभर थांबला होतात आणि मागच्या टोकाला लावलेल्या झेंड्याकडे तोंड करून सरळ उभे राहिला होतात. मला वाटलं, चढताना दम लागला. मी मागून म्हटलं, "बाबा, चला ना, मागे लाइन आहे." जहाजावर चढताना असं थांबायचं असतं, हा तुमच्या नौदलातल्या लोकांचा रिवाज आहे, हे मला आता एका फलकावर वाचून कळलं. पंधरा वर्षं झाली त्या दिवसाला, आणि तुम्हाला जाऊन चौदा. एवढ्या वर्षांत तिथे पुन्हा जायचं मी टाळत आले. इथे अमेरिकेत, आमच्या श्रूजबरीहून जेमतेम सव्वा तासाचा रस्ता, पण कधी ट्रॅफिकचं निमित्त, कधी बर्फाचं, कधी नुसतंच "काय बघायचंय त्यात दुसऱ्यांदा?" या वेळी लेकीनेच हट्ट धरला. शिक्षणाचं शेवटचं वर्ष तिचं, आठवडाभर घरी आली होती. तुम्ही होतात तेव्हा ती सात वर्षांची होती, समोरचे दोन दात पडलेले, आणि दिवसभर तुमच्या पाठीपाठी.

तुम्ही पंधरा वर्षं नौदलात स्टुअर्ड होतात. हे वाक्य कागदावर लिहायलाही मला आत्ता थोडं थांबावं लागलं, म्हणजे बघा. अधिकाऱ्यांचं जेवणघर म्हणजे वॉर्डरूम. तिथे वाढायचं, आवरायचं, साहेबांच्या केबिनी नीटनेटक्या ठेवायच्या, त्यांचे पांढरे कपडे, त्यांचे बूट, त्यांचा पहाटेचा चहा. नागपूरच्या आपल्या दोन खोल्यांत लहानपणी मला यात काही कमी वाटत नव्हतं. उलट शाळेत मी मैत्रिणींना ऐटीत सांगायचे की आमच्या घरी ताटाखाली ओलं फडकं असतं. सुटीवर आलात की पहिलं काम तेच. फडकं भिजवायचं, घट्ट पिळायचं, जमिनीवर सुरकुती न ठेवता अंथरायचं आणि त्यावर ताटं. "समुद्र खवळला का ताटं पळतात बेटा. ओल्या कपड्यावर ठेवलं का चिटकून बसते." आपली फरशी काही हलणार नव्हती, तरी तुम्ही अंथरायचात. वाढायचं डाव्या बाजूने, उचलायचं उजव्या बाजूने. कप आकड्यांना टांगलेले, सगळ्यांचे कान एकाच दिशेला. आई वैतागायची, "घराची बोट करून टाकली यायनं!" म्हणायची, आणि तुम्ही परत बोटीवर गेलात की स्वतःच ते कान सरळ करत बसायची.

मग मला कधीपासून लाज वाटायला लागली? इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर असेल बहुतेक. फॉर्मवर मी नुसतं 'नौदल' लिहायला लागले. खोटं नव्हतं ते. खोटं मी अमेरिकेत आल्यावर बोलले, आणि तेही एकाच अक्षराचं. इथल्या मराठी मंडळाची पिकनिक होती. पुण्याच्या एक काकू, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, मनाने खरंच चांगल्या, मक्याची कणसं भाजता भाजता म्हणाल्या, "आडनावावरून काही कळत नाही हो तुमच्या. मूळचे कुठले?" मी नागपूर म्हटलं. त्याने त्यांचं समाधान होईना. "वडील काय करायचे?" मी म्हटलं, नेव्हीत होते. "अय्या, ऑफिसर?" पुढचा प्रश्न कुठला येणार ते मला ठाऊक होतं, बाबा, ते आपल्या लोकांना सगळ्यांनाच ठाऊक असतं. या एका उत्तराने तो टळणार होता. मी म्हटलं, "हो." आणि टळलाच. काकूंनी सगळ्यांत आधी भाजलेलं कणीस माझ्या हातात दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत मी ते खाल्लं. आई असती तर तिने ती मूठ तिथल्या तिथे उघडायला लावली असती. पण ती तेव्हा नव्हती, आणि तुम्ही इतके लांब होतात की काकूंची आणि तुमची कधी गाठ पडेल, असं मला वाटलंच नाही.

तुम्ही आलात. सहा महिने राहायचं ठरलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात काका-काकू जेवायला आले आणि दारातच काकांनी तुमच्यापुढे हात जोडून म्हटलं, "या साहेब, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. कुठल्या शिपवर कमांड होती तुमची?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार नाही, डोळा लवायला लागतो तेवढंच. मग म्हणालात, "बऱ्याच बोटींवर होतो." ते काही खोटं नव्हतं. तुम्ही माझ्या खोट्यालाही खऱ्याचा टेकू दिलात. थोड्या वेळाने तुम्ही स्वयंपाकघरात माझा नवा टेबलक्लॉथ नळाखाली धरून भिजवत होतात. पाहुणे आले, पंगत मोठी, तुमच्या हाताला राहवलंच नसणार. मी आत आले, दार लोटलं आणि दबक्या आवाजात जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बाबा, प्लीज! इथे तुम्ही कुणाचे नोकर नाही आहात. बाहेर जाऊन बसा." तुम्ही कापड पिळलंत, नीट घडी घातलीत, नळाच्या कडेला ठेवलंत. "बसतो बेटा," म्हणालात. आणि खरंच जाऊन बसलात, हात मांडीवर ठेवून. काकू पोळ्या उजव्या बाजूने वाढत होत्या. तुम्हाला ते किती खुपलं असेल, हा विचारही मला तेव्हा शिवला नाही.

जहाज बघायला जाण्याची टूम काकांचीच. "साहेबांना दाखवलंच पाहिजे," म्हणून त्यांनी तारीखही ठरवली. मला नको होतं. पण नको का, ते सांगता येत नव्हतं. आपण सगळे गेलो. आणि आत शिरल्यावर मी तुम्हाला जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून आमच्या घरचा जिना कठडा धरून उतरणारे तुम्ही, त्या उभ्या लोखंडी शिड्या भराभरा उतरत होतात. दारांचे उंबरठे घोट्याच्या वर. काका दोनदा ठेचकाळले, तुम्ही खाली न बघता पाय उचलत होतात. जहाज आपल्या देशाचं नाही, ज्या युद्धातलं होतं ते तुमच्या जन्माच्या आसपासचं, तरी तुम्ही नातीला पुढचं सगळं आधीच सांगत होतात. "आता न्हाव्याची खुर्ची येईन, आता धोबीखाना, वास येत नाही पण येत असेन त्या काळी." आणि ते येत होतं. खलाशांच्या झोपायच्या जागा बघून ती किंचाळलीच. साखळ्यांना टांगलेले बिछाने, एकावर एक चार, दोन बिछान्यांमधे वीतभर जागा. "आजोबा, कूस कशी वळायची?" तुम्ही म्हणालात, "चौघांनी ठरवून." मग कप्तानाची केबिन लागली, पडदे, लिहायचं टेबल, गादीची आरामखुर्ची, स्वतःचं न्हाणीघर. काकू हळहळून म्हणाल्या, "तुमची पण अशीच असेल नाही?" तुम्ही त्या पलंगाकडे बघून म्हणालात, "चादरीचे कोपरे चुकले आहेत."

वॉर्डरूमच्या दाराशी मखमली दोर लावला होता. आत लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, काचेच्या कपाटात चांदीची किटली, भिंतीशी एक पियानो. जेवणाची दहा-बारा पानं मांडून ठेवलेली, जणू काही घंटा झाली की साहेब लोक येतील. तुम्ही दोरापाशी उभे राहिलात, मान कलती करून एकेक पान बघत गेलात, आणि मग वाकून, दोरावरून हात लांब करून, सर्वांत जवळच्या ताटाची सुरी उचललीत आणि उलटी करून ठेवलीत. "सुरीचं तोंड आतमधी पायजे," एवढंच पुटपुटलात. मी सगळ्यांसमोर ओरडले, "बाबा, हात लावू नका! लोक बघतायत!" बघत होता तो एकटा म्हातारा गाइड. पांढरे केस, छातीवर बिल्ला, स्वतःही जुना खलाशी. तो रागावला नाही, हसत पुढे आला आणि तुम्हाला विचारलं, तुम्हीही नौदलात होतात का? तुमचं तोंड उघडलं होतं, बाबा. मला दिसलं होतं ते. तुम्ही सांगणार होतात. तुमचा चेहराच उजळला होता, तुमच्या कामातलं माणूस तुम्हाला एवढ्या लांब भेटलं होतं. आणि मी मधेच म्हटलं, माझे वडील भारतीय नौदलात अधिकारी होते.

गाइड टाचा जुळवून उभा राहिला आणि त्याने तुम्हाला सलाम केला. दोर काढला. टेबलाच्या टोकाची खुर्ची दाखवून म्हणाला, सर, ही तुमची जागा, बसा, फोटो काढा. काकांनी लगेच कॅमेरा काढला. तुम्ही आत गेलात. पण खुर्चीत बसला नाहीत. काका म्हणाले, "बसा ना साहेब!" तुम्ही म्हणालात, "नाही, मी उभाच बरा आहो." खुर्चीच्या मागे, थोडे डावीकडे, पाठ ताठ, एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा मागे. फोटो निघाला. काकू म्हणाल्या, "काय रुबाब आहे!" मग बाहेर येताना तुम्ही गाइडला तुमच्या इंग्रजीत एकच प्रश्न विचारलात. स्टुअर्ड लोक झोपायचे कुठे, सर? तो जरा गोंधळला. म्हणाला, ती काळी माणसं होती बहुतेक, काही फिलिपिनो, त्यांची जागा वेगळी होती, खाली, मागच्या बाजूला. तो भाग बंद आहे, दाखवायला काही नाही तिथे. तुम्ही "हां" म्हणालात. पँट्रीच्या बंद खिडकीवर, जिच्यातून ताटं आत सरकवत असतील, तुम्ही तळहात टेकवलात आणि मग काढून घेतलात. मी घड्याळाकडे बघत होते.

परतताना गाडीत तुम्ही फक्त एवढं म्हणालात, "वॉर्डरूम मस्त ठेवली यायनं." मला बोलायची संधी होती. सव्वा तासाची होती. मी रेडिओ लावला. महिनाभराने तुम्हाला घरची ओढ लागली, सहा महिन्यांचे तीनच झाले. विमानतळावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि मी तुमच्या पासपोर्टची काळजी करत राहिले. पुढच्या वर्षी फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, विहारातली वंदनाही. ट्रंकेत तुमचा पांढरा कोट होता, पितळेच्या बटणांचा, इस्त्रीसकट. त्याच्या बाहीवर अधिकाऱ्याची पट्टी नाही, कुणी बघितलं तर, असा विचार त्या दिवशीसुद्धा माझ्या मनात आला. मी तो शेजाऱ्यांना देऊन टाकला आणि तो फोटो मात्र मोठा करून, फ्रेम करून, इथे दिवाणखान्यात लावला. मला माझी आजही किळस वाटते ती यासाठी.

तर मागच्या महिन्यात लेक मला घेऊन गेली. तो म्हातारा गाइड आता नाही. पण तो बंद भाग उघडलाय, बाबा. वॉर्डरूमच्या मागे दोन शिड्या खाली उतरायचं. वाफेच्या नळ्या डोक्यावर, छत इतकं खाली की मलाही वाकावं लागलं. तेच चार-चार बिछाने, पत्र्याची कपाटं, एका खिळ्याला पांढरा कोट टांगलेला. भिंतीवर त्या माणसांचे फोटो लावलेत, लिहिलंय की याच लोकांना साहेबांची ताटं वाढायला ठेवत आणि लढाई सुरू झाली की तोफगोळे वर पोचवायलाही. एका फोटोत त्यांतले पाच जण वॉर्डरूमच्या खुर्च्यांमागे उभे आहेत. पाठ ताठ, एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा मागे. थोडे डावीकडे.

मी तो फोटो बघितला आणि बिछान्याची साखळी धरून उभी राहिले. चौदा वर्षं माझ्या भिंतीवर तुम्ही खरं सांगत उभे होतात, आणि मला रुबाब दिसत होता. तुम्हाला खुर्चीत बसून खोटं बोलायचं नव्हतं, आणि सगळ्यांसमोर मला खोटं पाडायचंही नव्हतं. मग उरते ती एकच जागा, तीच तुम्ही घेतलीत. मी लेकीला म्हटलं, "तुला एक सांगायचंय. आजोबा ऑफिसर नव्हते." ती म्हणाली, "आय नो, आई."

"तुला काय माहीत?"

"स्टुअर्ड होते ना? त्यांनीच सांगितलं होतं. तू ऑफिसला गेलीस की आम्ही वॉर्डरूम वॉर्डरूम खेळायचो. माझे टॉय कप्स, तुझा वेट टेबलक्लॉथ. सर्व्ह फ्रॉम द लेफ्ट, उचलायचं उजवीकडून. एकदा म्हणे इतकं वादळ होतं की पियानो सुटला, पण यांच्या हातातला एक कप फुटला नाही. आई, ही वॉज सो प्राउड ऑफ दॅट."

मी विचारलं, मला का नाही बोललीस कधी? ती म्हणाली, "आजोबा म्हणाले होते, आईला नको सांगू. तिला वाटेल मी दुखावलो. अँड देन तिला वाईट वाटेल."

मी तिथेच, त्या पत्र्याच्या कपाटांमधे रडले. एक शाळेची सहल आली होती, पोरं वाट काढून निघून गेली. लेकीने मला शिडीने वर आणलं. फळीवरून उतरताना मी थांबले, वळले, झेंड्याकडे तोंड करून उभी राहिले. झेंडा माझा की तुमचा, कुणास ठाऊक. मागे लाइन होती, पण कुणी काही म्हणालं नाही.

घरी येताना मी ठरवलं होतं की आता सगळ्यांना सांगायचं. फ्रेमखाली चिठ्ठी लावायची, तुमचं काम लिहायचं. हे पत्रही त्याच भरात सुरू केलं, चार वेळा खोडून पुन्हा लिहिलं, आणि आता ते टेबलक्लॉथच्या खणात ठेवणार आहे, कारण जे पुढे झालं ते लिहिल्याशिवाय ते पुरं होत नाही. लेक परत जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, काका-काकू जेवायला आले. काकू आता थकल्यात, काठी घेऊन चालतात. मी पान मांडलं, मुद्दाम टेबलक्लॉथ भिजवून, पिळून अंथरला, काकूंनी बोट लावून विचारलं, "ओला कसा गं?" मी म्हटलं, आमच्याकडे असाच घालतात. इथवर मी आले होते, बाबा. मग त्या तुमच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "काय रुबाब होता! ऑफिसर तो ऑफिसर, नाही का गं?"

लेक माझ्याकडे बघत होती. फार नाही, डोळा लवायला लागतो तेवढंच. मग तिने नजर काढून घेतली आणि डाव्या बाजूने काकूंना पाणी वाढलं.

मी म्हटलं, "हो."